अक्कांची मंटूसरी

अक्का कुठल्याही मुलाला लांबून हाक मारत नसत. खोलीच्या पार त्या टोकाला एखादं पोर दुसऱ्याच्या डोक्यात वाळू ओतत असलं, तरी त्या जागेवरून ओरडायच्या नाहीत. हातातलं काम खाली ठेवायच्या, उठायच्या, चालत त्याच्यापर्यंत जायच्या, समोर उकिडव्या बसायच्या आणि जे सांगायचं ते त्याला एकट्यालाच ऐकू जाईल इतक्या आवाजात सांगायच्या. तोवर निम्मी वाळू ओतून झालेली असे. मी एकदा म्हटलं, "अक्का, इथून नुसतं 'ए' म्हटलं असतं तरी थांबला असता की."

त्या म्हणाल्या, "थांबला असता. पण सगळी खोली दचकली असती. एकाच्या चुकीला तीस जणांचं काळीज कशाला हलवायचं?"

त्यांना सगळेच अक्का म्हणत. मुलं, मुलांच्या आया, डाळमिलचे मालक, नगरपालिकेचा शिपाई, सगळे. मूळ गाव देवणी. घर लिंगायत. गळ्यात चांदीच्या डबीतलं लिंग, कपाळावर विभूती आणि अंगावर फिक्या रंगाचं नऊवारी लुगडं, जे बाकी धड असताना गुडघ्यांवर विरलेलं असे. लग्नानंतर दोन वर्षांतच नवरा गेला आणि त्या भावाकडे परत आल्या. बोलायच्या मराठीच, पण पुरे म्हणायचं झालं की तोंडातून कानडी 'साकु' निघायचं. मुलंही ते शिकली होती. लातूरच्या आडत बाजारातल्या पोरांनी घरी ताटावर हात आडवा धरून "साकु, साकु" म्हणावं आणि आयांनी हसत आम्हाला येऊन सांगावं, असं नेहमी व्हायचं.

या कामाकडे त्या कशा वळल्या, ते त्यांनी मला डाळ पाखडता पाखडता सांगितलं होतं. बहात्तरच्या दुष्काळात देवणीजवळ रस्त्याचं काम निघालं. बाया खडी फोडायच्या आणि त्यांची पोरं बाभळीखाली सांभाळायला अक्कांना बसवलं होतं. त्यात चार वर्षांचा एक पोरगा होता. तो रोज खडी निवडून ओळीनं मांडायचा. लहान, त्याहून मोठी, त्याहून मोठी. एखादी चुकली की सगळी ओळ मोडायचा आणि पुन्हा पहिल्यापासून मांडायचा.

"पोटात धड अन्न न्हाई, डोक्यावर ऊन," अक्का सांगत होत्या. "कुणी सांगितलं न्हाई, कुणी बघत बी न्हाई, तरी त्याचं चालूच. तवा मला कळलं, हे पोरगं खेळत न्हाई. काम करायलंय. आईचं काम खडी फोडायचं, ह्याचं मांडायचं."

पुढे कुणाच्या तरी ओळखीनं त्या पुण्याकडे जाऊन माँटेसरी पद्धतीच्या बालशिक्षणाचं सहा महिन्यांचं शिक्षण घेऊन आल्या. तिथल्या भिंतीवर ही पद्धत काढणाऱ्या परदेशी बाईंचा फोटो होता म्हणे. अक्कांचं त्या बाईंविषयी एकच म्हणणं होतं, "त्या बाईनं बी कुठंतरी खडी मांडणारं पोरगं बघितलं असणार. त्याबगर एवढं सुचत न्हाई."

मी त्यांच्याकडे आले ती लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा. तोवर त्या लातूरला बालवाडी चालवू लागल्या होत्या. आमच्या ह्यांची बदली उस्मानाबादच्या कचेरीतून लातूरला झाली. मी कंधारची. मॅट्रिक झालेली, मास्तरीण व्हायचं मनात होतं, पण शिक्षक होण्याच्या कोर्सला नंबर लागला नव्हता. नव्या गावात दिवसभर घरात बसून काय करायचं म्हणून डाळमिलच्या मागच्या गल्लीतल्या महिला मंडळाच्या त्या बालवाडीत मदतनीस म्हणून लागले. खोली दगडी होती, निजामाच्या वेळच्या जकात नाक्याची. दारावर 'बालवाडी' अशी पाटी होती, पण गावात तिचं नाव 'अक्कांची मंटूसरी'.

पहिल्या दिवशी मी अंकलिपी घेऊन गेले. अक्कांनी ती हातात घेतली, चाळली, कपाटावर ठेवली आणि म्हणाल्या, "कंधारवाली, आठ दिवस त्या कोपऱ्यात नुसतं बसायचं. बोलायचं न्हाई, शिकवायचं न्हाई. बघायचं."

"काय बघायचं?"

"ते कळलं की उठ."

दोन दिवस मला फक्त गोंधळ दिसला. तिसऱ्या दिवशी रेश्मा दिसली. आडत बाजारातल्या एका हमालाची ही मुलगी तेव्हा साडेतीन वर्षांची असेल. अक्कांनी लाकडी चौकटीवर जुन्या सदऱ्याचे दोन तुकडे ठोकून बटणं लावायचा खेळ केला होता. रेश्मा तो मांडीवर घेऊन बसली होती. बटण काजात अर्धं जायचं आणि निसटायचं. पुन्हा जायचं, पुन्हा निसटायचं. तिच्या ओठावर घाम आला होता. मला राहवेना. मी सरकत सरकत तिच्याजवळ गेले आणि हात पुढे केला. तेवढ्यात माझ्या मनगटावर अक्कांचा हात पडला.

"मागं घे," त्या हळूच म्हणाल्या. "तिचं बटण हाय ते."

बऱ्याच वेळानं बटण काजातून पार झालं. रेश्मा हसली नाही की तिनं कुणाकडे बघितलं नाही. तिनं ते बटण काढलं आणि पुन्हा लावलं. मग पुन्हा काढलं. मी मोजत होते, अकरा वेळा. त्या दिवशी कोपऱ्यात बसून पहिल्यांदा मला कंटाळा आला नाही.

अक्कांकडे विकत आणलेलं सामान फार थोडं होतं. गाडीची चाकं करणाऱ्या सुताराकडून त्यांनी लाकडाचे लहानमोठे दहा ठोकळे करून घेतले होते. शिंप्याकडच्या चिंध्यांतून मऊ-खरखरीत ओळखायचे कापडाचे जोड केले होते. झाकणाच्या डब्यांत खडे, चिंचोके आणि वाळू भरून आवाजावरून जोड्या लावायला ठेवल्या होत्या. शेजारच्या डाळमिलचे मालक दर सोमवारी तूर, मूग, हरभरा असं मिसळून परातभर द्यायचे. मुलं ते चिमटीनं वेगळं करत. एकदा मालकांनी दारातून डोकावून थट्टेनं विचारलं, "काय अक्का, माझ्या मिलमधल्या बाया कमी पडल्या तर तुमची पोरं पाठवताव का?"

"पाठवते की," अक्का म्हणाल्या. "पण माझी पोरं मन लागलं तर निवडतेत, न्हाई तर उठून जातेत. तसं तुमच्या बायांला जमू देताव का?"

मालक हसले आणि निघून गेले. पुढच्या सोमवारी परात जरा मोठी आली.

मुलांना सगळ्यात आवडायचं ते पाणी. एका लोटीतून दुसऱ्या लोटीत पाणी ओतायचं, थेंब न सांडता. सांडलं तर स्वतः फडकं आणून पुसायचं. यात कुणी रागवायचं नाही, कुणी शाबासकी द्यायची नाही. पण जिल्हा झाला आणि त्यामागून लगेच पावसानं दगा दिला. विहिरी तळाला गेल्या. आमच्या गल्लीत एक दिवसाआड टँकर येऊ लागला, आणि त्याच्यापुढे पहाटेपासून घागरींची रांग लागायची. त्या दिवसांत एका आईनं दारातून मुलांना पाणी ओतताना पाहिलं आणि ती तिथंच रडायला लागली. भांडली नाही, फक्त रडली. अक्कांनी तिला आत घेऊन बसवलं. दुसऱ्या दिवशी लोट्यांमध्ये ज्वारी होती. मुलं विचारायला लागली, "पाणी कुठं गेलं?"

"पाणी कमी हाय," अक्कांनी एकेकाला सांगितलं. "हाय ते प्यायला लागतंय. पाऊस पडला की परत ओतू."

मी म्हटलं, "अक्का, एवढ्याशा लेकरांना हे कशाला सांगायचं?"

"त्यांच्या आया रांगेत उभ्या असतेत, तवा ही लेकरं कडेवर असतेत. त्यांना सगळं ठाऊक हाय. फक्त खरं कुणी बोलत न्हाई त्यांच्याशी."

मुलं नुसती खेळतात, ही तक्रार मात्र कायम होती. नवा जिल्हा झाल्यावर गावाला घाई सुटली होती. साहेबांची मुलं येणार, मोठ्या शाळा निघणार, आपलं पोर मागे राहू नये असं दुकानदारांना वाटू लागलं. गल्लीतले एक किराणावाले तर रोज विचारायचे, "आज काय शिकिवलं?" एक दिवस त्यांच्या मुलानं पहिल्यांदा स्वतःची उजवी-डावी चप्पल ओळखली होती. अक्कांनी ते सांगितलं. किराणावाले म्हणाले, "ते हाय हो. पण शिकिवलं काय?"

मग ते पत्र आलं. जिल्ह्याच्या कचेऱ्या आधी आल्या होत्या आणि इमारती मागून यायच्या होत्या, त्यामुळे गावात रिकामी दिसेल ती सरकारी खोली ताब्यात घेतली जात होती. आमचीही मागितली होती. पत्रावर ज्यांची सही होती त्या साहेबांकडे अक्का मला घेऊन गेल्या. साहेब तरुण होते, सरळ होते. त्यांनी अक्कांना बसायला सांगितलं आणि सगळं ऐकून घेतलं.

"अक्का, माझ्याकडे असं लिहून आलंय की तिथं मुलं नुसती खेळतात," ते म्हणाले. "शाळा म्हणून दाखवता आलं तर मी वर्षभर मुदत मागू शकतो. मी महिन्याअखेर स्वतः येऊन बघतो. थोडं ए-बी-सी-डी, थोडे आकडे, एवढं असलं तरी चालेल."

"या की. बघा," अक्का म्हणाल्या.

त्याच आठवड्यात देवणीहून निरोप आला की त्यांचे भाऊ आजारी आहेत. पिशवी भरता भरता त्या मला म्हणाल्या, "पोरं तुझ्या हवाली. पंधरा दिवसांत येते. तवर काही शिकवू नको, म्हणजे झालं." आणि स्वतःच हसल्या.

मी शिकवलं. खोली जाईल, अक्का उघड्यावर येतील, माझंही काम जाईल, असं सगळं डोक्यात घोळत होतं. मी पाट्या आणल्या, सतरंजीवर रांगा केल्या आणि ठोकळे, चौकटी, लोट्या कपाटात बंद केल्या. रोज तीन तास आम्ही ए-बी-सी-डी घोकत होतो. पहिले दोन दिवस मुलांना गंमत वाटली, कारण तीस जणांनी एकदम ओरडायला त्यांना कधीच मिळालं नव्हतं. किराणावाले दारात उभे राहून ऐकत आणि म्हणत, "आता कशी शाळा वाटायलीय!" मला ते ऐकून बरं वाटायचं, हे मी लपवत नाही.

रेश्माला मात्र ते जमेना. ती एफपर्यंत जायची आणि थांबायची. मी पुन्हा म्हणवून घेतलं, समजावलं, दरडावलं. साहेब यायच्या आदल्या दिवशी मी तिच्या तळहातावर फुटपट्टी मारली. दोनदा. हलकेच मारली, असं मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला सांगत आले.

साहेब आले त्या सकाळीच अक्का देवणीहून आल्या. हातात पिशवी तशीच होती. मुलं रांगेत हातांची घडी घालून बसली होती. अक्का दारात दिसल्या तशी सगळ्यांची तोंडं उजळली, पण एकही मूल उठलं नाही. रांग मोडायची नाही असं मी बजावलं होतं. अक्कांनी एकदा त्या रांगांकडे बघितलं, एकदा बंद कपाटाकडे आणि मग माझ्याकडे.

मुलांनी खणखणीत आवाजात सगळी अक्षरं म्हटली, एकपासून वीसपर्यंत आकडे म्हटले. साहेब खूश झाले. कौतुकानं खाली वाकून त्यांनी पुढच्या रांगेतल्या रेश्माला म्हटलं, "तू एकटी म्हण बघू, बेटा."

रेश्मा उभी राहिली. ए, बी, सी, डी, ई, एफ. मग थांबली. तिनं साहेबांकडे पाहिलं नाही. ती माझ्या हाताकडे बघत होती. माझा हात रिकामा होता, तरी ती बघतच राहिली, आणि तिच्या परकराखालून सतरंजीवर ओल पसरत गेली.

साहेब बिचारे गोंधळले. "असू दे, असू दे, लहान आहे," ते म्हणाले. "तयारी चांगली आहे, अक्का. मी वर्षभराची मुदत लिहून देतो."

खोली राहिली होती. मी सुटकेचा श्वास घेतला. अक्का पुढे आल्या.

"साहेब, तसं लिहू नका," त्या म्हणाल्या. "हे आम्ही शिकवत न्हाई. मी गावाला गेले होते, तेवढ्यात घोकून घेतलेलं हाय. आमची पोरं खरंच खेळतेत. ते बघायचं असल तर उद्या या, दिवसभर बसा."

"अक्का, मला कागदावर काहीतरी दाखवावं लागतं."

"कळतंय मला. तुमची चूक न्हाई. पण ह्यावर खोली राखली तर उद्यापासून रोज हेच करावं लागल."

साहेबांनी अक्कांना नमस्कार केला आणि ते गेले. दुसऱ्या दिवशी ते येऊ शकले नाहीत. महिन्याभरात खोली रिकामी करायचा हुकूम आला.

पण त्या सकाळी अक्कांच्या मनात खोली नव्हती. त्यांनी रेश्माला मागच्या बाजूला नेलं. टँकर दुसऱ्या दिवशी यायचा होता आणि रांजणात तळाला चार-पाच तांबे पाणी उरलं होतं. अक्कांनी ते सगळं काढलं. तिचे पाय धुतले, परकर बदलला, मग तोंड धुतलं, हात धुतले. धुवायचं काही उरलं नव्हतं तरी त्या सावकाश, एकेक बोट धरून तिचे हात धूत होत्या. रेश्मा आधी ताठ उभी होती, मग हळूहळू अक्कांच्या खांद्यावर टेकली. त्या दिवशी आम्ही सगळे शेजारून मागून पाणी प्यायलो.

मुलं गेल्यावर अक्कांनी मला विचारलं, "मारलंस?"

"हो."

"कितींदा?"

"दोनदा. अक्का, मी खोलीसाठी..."

"मला ठाऊक हाय कशासाठी. मला सांगू नको, तिला सांग."

"काय सांगू?"

"चुकलं म्हणून."

साडेतीन-चार वर्षांच्या मुलीची माफी मागायची. माझ्या घरात, माझ्या शाळेत, कुणी मोठ्यानं लहानाची माफी मागितलेली मी ऐकली नव्हती. रात्रभर मला अक्कांचाच राग येत राहिला. सकाळी फुटपट्टी टाकून द्यावी म्हणून हातात घेतली होती, तेवढ्यात रेश्मा दारात आली. मी तशीच तिच्यापुढे बसले. तिनं फुटपट्टी पाहिली आणि तळहात पुढे केला.

मी तो एवढासा हात धरला आणि म्हटलं, "रेश्मा, मी तुला मारलं ते चुकलं. पुन्हा मारणार नाही."

ती म्हणाली, "मंग ती पट्टी मला दे."

मी दिली. पट्टी घेऊन ती वाळूच्या खोक्याकडे गेली, दोन ढिगांवर पुलासारखी आडवी ठेवली आणि तिच्यावरून एकेक चिंचोका पलीकडे नेऊ लागली. अक्कांनी ते लांबून पाहिलं. नंतर त्यांनी तो विषय कधीच काढला नाही, ना रागानं ना थट्टेनं.

खोली गेली तेव्हा निम्मी मुलं गेली. किराणावाल्यांचं पोरही गेलं. उरलेल्या पंधरा-सोळा जणांना घेऊन आम्ही आठ दिवस महादेवाच्या देवळाच्या ओवरीत बसलो. मग डाळमिलचे मालक आले. त्या वर्षी पीकच नव्हतं, मिल बंद पडली होती आणि मोठी शेड रिकामी होती. चाव्या अक्कांच्या पुढे ठेवून ते म्हणाले, "माल येईपर्यंत वापरा. माल आला तर देवाची कृपा, न्हाई आला तर शेड तुमची."

एवढी मोठी जागा मुलांना कधी मिळाली नव्हती. पत्र्याखाली उकडायचं, तुरीच्या कोंड्यानं शिंका यायच्या, पण जमिनीवर खडूनं लांबच लांब रेघ ओढून तिच्यावरून पाऊल न चुकता चालायचा खेळ तिथंच रंगला. मिलमध्ये काम करणाऱ्या बाया, ज्यांना आता काम नव्हतं, बघायला येऊन बसू लागल्या. अक्कांनी त्यांनाही तोंड बंद ठेवून बसायला शिकवलं. त्यातल्या एकीनं मला हळूच विचारलं, "बाई, आमच्या लहानपणी हे का नव्हतं?"

पाऊस झाला, माल आला, शेड गेली. तोवर मालकांनी मिलच्या आवारातच पत्र्याच्या दोन खोल्या बांधून दिल्या होत्या. पण त्या वर्षी आमच्या ह्यांची बदली नांदेडला झाली. मी निरोप घ्यायला गेले, तेव्हा अक्का मुलांसोबत लोटीतून लोटीत पाणी ओतत होत्या. खरंखुरं पाणी. मी रडायला लागले. त्या म्हणाल्या, "रडून घे. घाई न्हाई." आणि मी थांबेपर्यंत शेजारी बसून राहिल्या. जाताना म्हणाल्या, "नांदेडात बी पोरं असतीलच की."

होती. मी घराच्या पुढच्या खोलीत सात मुलांवर बालवाडी सुरू केली. चार वर्षांनी अक्का दोन दिवस राहायला आल्या. दोन्ही दिवस त्या कोपऱ्यात बसून होत्या, अगदी गप्प. परत जाताना एसटीत चढल्यावर खिडकीतून म्हणाल्या, "चांगलं चाललंय. फक्त तू अजून लई लवकर उठतीस." गाडी निघून गेली. पोरांच्या मदतीला मी घाईनं उठते, असं त्यांना म्हणायचं होतं. ते बरोबरच होतं.

पुढे त्या थकल्या आणि देवणीला भाच्याकडे जाऊन राहिल्या. त्या गेल्याचा फोन भाच्यानंच केला. मी पहिली गाडी धरली, उदगीरला बदलून देवणीला पोचले, तेव्हा दुपार उलटली होती. समाजाच्या रीतीप्रमाणे त्यांना शेतात बसवून समाधी दिली. विभूती, बेलपानं, फुलं आणि वरून माती. पुरुष फावड्यांनी माती ओढत होते, आम्ही बायका जरा बाजूला उभ्या होतो.

भाच्याची नात गौरा चार वर्षांची होती. ती माझ्या शेजारी येऊन उभी राहिली आणि विचारलं, "आजीला वर कवा काढायचं?"

"असं बोलू नये गं!" मागून कुणीतरी म्हणालं.

मी म्हटलं, "न्हाई काढायचं, गौरा. आजी मेली. मेलेलं माणूस परत येत न्हाई. तिचं अंग आता मातीतच ऱ्हाणार."

"तिला भूक लागंल."

"मेल्यावर भूक लागत न्हाई. दुखत बी न्हाई."

मातीचा उंचवटा झाला होता, पण ओबडधोबड होता, फावड्याच्या खुणा दिसत होत्या. गौरा पुढे गेली, खाली बसली आणि एकेक ढेकूळ फोडून तळहातानं माती सारखी करू लागली. तिला उचलायला दोघी-तिघी पुढे झाल्या. मी त्यांना थांबवलं. हळूहळू लोक घराकडे वळले.

भाचा म्हणाला, "ताई, चला. उदगीरची ही शेवटची गाडी हाय."

"तुम्ही व्हा पुढं," मी म्हटलं.

मी गौराच्या बाजूला मातीत बसले. एक बाजू झाली, मग ती सरकून दुसऱ्या बाजूला गेली. एक ढेकूळ फुटेना. तिनं ते दोन्ही हातांनी धरून दाबलं, मग दगडावर आपटलं, मग त्याचा चुरा जागेवर आणून पसरला. रस्त्यावर गाडीचा भोंगा वाजला, गाडी थांबली आणि निघून गेली. ऊन उतरलं. गौरानं हात झटकले, मान तिरकी करून सगळीकडून एकदा बघितलं आणि मला म्हणाली, "झालं. आता चल."